कप्तानाची सव्वा मूठ

चोपड्याहून शिरपूरकडे निघालं की उजव्या हाताला सातपुडा सोबत चालतो आणि डाव्या हाताला केळीचे मळे. मधल्या एका वळणावर निळ्या पत्र्याची टपरी आहे. टपरीवर लांब मानेचं काहीतरी रंगवलेलं आहे. ट्रकवाले त्याला बगळा म्हणतात, शाळेची पोरं विमान म्हणतात. ते सारस आहे. पक्षी नव्हे, तारे ओलांडून जाणारं जहाज. हे जहाज तापीकाठच्या आमच्या गावात कसं उतरलं, आणि ज्या बाईनं ते उतरवलं तिनंच ते तारेच्या घासणीनं का खरवडलं, ते सांगायला बसलो आहे. घाई असेल त्यानं वेफर्स घेऊन पुढे जावं.

बाईचं नाव सविता. कच्ची केळी सोलून ती हळदीमिठाच्या पाण्यात सोडते आणि किसणी थेट उकळत्या तेलावर धरते. चकत्या तेलात पडताना पानावर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. वय चाळिशीच्या पुढे, केस पुढून पांढरे, बोलणं मोजकं. गिऱ्हाइकं तिला कप्तानताई म्हणतात. परवापर्यंत ती हाकेला लगेच मान वर करायची.

तिचा बाप भिकन केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. दिल्लीला माल उतरवून येताना एकदा त्यानं टीव्ही आणला. गल्लीतला पहिला टीव्ही. रविवारी सकाळी भिकनच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. भाऊबंद, शेजारी, भाऊबंदांचे पाहुणे, सगळे आत. त्या वेळी ‘ध्रुवपार’ नावाची हिंदी मालिका लागायची. सारस नावाचं जहाज दर रविवारी एका अनोळखी ग्रहावर उतरायचं. माणसं बाहेर पडायची, काहीतरी वाईट घडायचं, आणि शेवटी सगळे पळत दारापाशी यायचे. दारात कप्तान ईशान उभा. वरून आग पडते आहे, खालून जमीन फाटते आहे, मागून कुणी ओरडतं आहे की कप्तान, आता निघा. आणि तो शांतपणे एकेकाचं नाव घेतो. एखाद्या नावाला ओ येत नाही. मग तो म्हणायचा, “गिनती पूरी होगी, तब दरवाज़ा बंद होगा.” आणि जो राहिला त्याला आणायला स्वतः बाहेर जायचा.

गल्लीतल्या बाया सांजेला बकऱ्या कोंडताना हेच वाक्य म्हणायच्या. एखादं करडू बाहेर राहिलं की कुणीतरी हाक द्यायचं, “अय लिलाबाई, गिनती पुरी नही.” लिलाबाई म्हणजे भिकनची बायको, सविताची आई.

पण सविताला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. बाप ट्रक घेऊन निघाला की ती आईला विचारायची, “नानानं नाव कोण घेस तठे?” तिकडे त्याचं नाव कोण घेतं? सगळे ट्रक सोबत असतात या भरवशावर लिलाबाई म्हणायची, “बठ्ठा ट्रक संगे जातस, संगे येतस. घेतस एकमेकनं.”

घेत नव्हते. त्या हिवाळ्यात मध्य प्रदेशातल्या एका घाटात भिकनचा ट्रक रस्ता सोडून खाली गेला. पुढचे ट्रक पुढे निघून गेले, मागचेही पुढे निघून गेले. धाब्यावर जेवायला थांबले तेव्हाही कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी एका गुराख्यानं पाहिलं. तोवर भिकन गेलेला होता. डॉक्टर म्हणाला म्हणे, लवकर आणला असता तर बरं झालं असतं. डॉक्टर असं नेहमीच म्हणतात, पण दहा वर्षांच्या पोरीनं ते ऐकलं आणि धरून ठेवलं. तिच्या बापाची कुणी गिनती केली नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी टीव्ही लावावा की नाही यावर घरात कुजबुज झाली. सूतक होतं. सविता उठली आणि तिनं स्वतः बटण दाबलं. कप्तान दारात उभा राहिला. नावं घेतली. ओ आली नाही. तो बाहेर गेला. सविता पाय पोटाशी घेऊन बघत राहिली. त्या दिवसापासून तो तिचा भाऊ झाला. श्रावणी पौर्णिमा आली तेव्हा तिनं टीव्हीच्या कानाला राखी बांधली.

राखीच्या आधी त्याच श्रावणात कानबाई होती, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

खानदेशात कानबाई आमची घराची देवी. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी ती बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, चौरंगावर केळीचे खांब बांधून तिला बसवायचं, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. आदल्या शनिवारी रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू काढतात. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. एकेकाचं नाव उच्चारायचं, एक मूठ सुपात टाकायची आणि वर पाव मूठ. मुंबईला असो, सुरतेला असो, पाळण्यात असो की खाटेला खिळलेला असो, नाव घेतलं जातं. ते दळण गिरणी धुऊन वेगळं दळायचं, त्याचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांतच खायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडा देत नाहीत, आणि ताटात कणही टाकत नाहीत. बायांची मूठ पडत नाही. तशी रीत नाही.

आमच्या त्या भावकीत कानबाई भिकनच्या घरी बसायची, कारण तो थोरला. आता त्या घरात पुरुष उरला नव्हता. आणि ज्या घरात मूठ पडत नाही त्या घरात कानबाई बसत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. भिकनचा धाकटा भाऊ कौतिक शनिवारी सकाळीच चौरंग न्यायला आला. माणूस वाईट नव्हता. रीतीनं आला होता, टोपी हातात घेऊन.

“वहिनी, कानबाई आते आमनाकडे बससी,” तो म्हणाला. “तुमी बी या. परकं समजू नका.”

लिलाबाई सूप घेऊन बसली होती. ती म्हणाली, “काबर? मना घरमां मूठ शे.”

“कोननी?”

“सविताना भाऊनी.”

कौतिकनं घरभर पाहिलं. सविता कोपऱ्यात उभी होती. तिलाही कळलं नव्हतं. लिलाबाईनं टीव्हीकडे बोट केलं. त्यावर सवितानं विणलेलं क्रोशाचं झाकण होतं.

“वहिनी, तो टीव्हीमांना शे.”

“तो दर रविवारे मना घरमां येस,” लिलाबाई म्हणाली. “भिकन जाईसन आठ महिना व्हयनात. तुमी कितला रविवार उनात? टीव्ही पाहाले उनात ते वेगळं. माले पाहाले कितला उनात?”

ओसरीवर भाऊबंद जमले होते. त्यातले सगळे दर रविवारी तिथेच बसून ‘ध्रुवपार’ पाहायचे आणि मालिका संपली की धूळ झटकून घरी जायचे. एक म्हातारा हसला. म्हणाला, “कौतिक, बाई खरं बोली ऱ्हायनी. आपलापेक्षा तो पोऱ्या बरा. नाव ते घेस बठ्ठासनं.”

बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं देवी कोपेल, कुणी म्हणालं देवीला कोण कुठला ते कळतंच. शेवटी कौतिकनं टोपी डोक्यावर घातली. “ठीक शे. त्यानी मूठ पडस तवलगुन कानबाई आठेच. ज्या साले मूठ बंद, त्या साले कानबाई आमनाकडे. बोल पक्का?”

“पक्का,” लिलाबाई म्हणाली. मूठ पडते तोवर देवी तिच्याच घरी.

तिनं मूठ भरली, कप्तान ईशानचं नाव घेतलं, गहू सुपात टाकले, वर पाव मूठ टाकली. गैरहजर पुरुषाच्या वाट्याचा रोट घरच्यांनी खायचा असतो. तो सवितानं खाल्ला. ती आजही सांगते की त्या रोटाला धुराचा वास होता आणि तिला तो जहाजाचा वाटला होता.

मालिका दोन-तीन वर्षांनी संपली. गावानं दुसऱ्या मालिका धरल्या. सवितानं नाही धरल्या. ‘ध्रुवपार’ची चित्रांची पुस्तकं निघायची, ती तिचा मामा सुकलाल भुसावळच्या फलाटावरून आणून द्यायचा. तो तिथे हमाल होता, पुस्तकं घामानं ओली व्हायची. पुढे सिनेमे आले. पहिला तिनं अमळनेरला पाहिला, दुसरा धुळ्याला, कारण तोवर ती धुळ्याला सून झाली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. न्यायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. सविताची पहिली आखाजी आली. जावांचे भाऊ आले, सुनांनी पिशव्या भरल्या. सविता दुपारपर्यंत दारात उभी राहिली. मग तिनं ‘ध्रुवपार’चं एक पुस्तक पिशवीत वरच्या बाजूला ठेवलं आणि एकटी एसटीत बसली. कंडक्टरनं विचारलं, सोबत कोण? ती म्हणाली, भाऊ आहे. कंडक्टरनं इकडेतिकडे पाहिलं आणि एकच तिकीट फाडलं.

दोन वर्षांत नवरा दुसरीकडे गुंतला. मारहाण नव्हती, भांडण नव्हतं. तो एक दिवस यायचा बंद झाला, एवढंच. सासूनं विचारलं, “आता तू काय करशील?” सविता म्हणाली, “माझ्या घरी कानबाई बसते.” आणि परत आली. लोकांना वाटलं पोरगी खचेल. तिनं कढई घेतली, किसणी घेतली, टपरी निळी रंगवली आणि एका पेंटरकडून सारस काढून घेतलं. पेंटरनं पुस्तकातलं चित्र पाहून विचारलं, मान जरा आखूड करू का? ती म्हणाली, “जशी शे तशी.”

वर्षं गेली. कौतिक गेला. त्याच्या जागी त्याचा मुलगा अभिमन कारभारी झाला. अभिमनचं केळीचं चांगलं चालतं, सावद्याच्या व्यापाऱ्यांशी उठबस आहे, बोलणं गोड आहे. दर श्रावणात तो शनिवारी यायचा, हसत विचारायचा, “काय अक्का, भाऊ बरा शे का?” आणि सविता म्हणायची, “बरा शे. तुमनी आठवण काढस.” हा त्यांचा ठरलेला विनोद होता. मूठ पडायची. आईची बोटं वाकडी झाली, आवळता येईनात, तेव्हापासून मूठ सविता भरायची, नाव मात्र आई घ्यायची.

माणसाला एका गोष्टीवर इतका भरवसा कसा ठेवता येतो, असं शहरातले लोक विचारतील. बाप मोजला गेला नाही, नवरा परत आला नाही. एक माणूस होता जो दाराबाहेर गेलेल्याचं नाव घ्यायचा. तो पडद्यावरचा आहे हे तिला ठाऊक होतं. ती वेडी नाही. पण घराच्या उंबऱ्याआत त्याला बसवलेलं होतं, त्याच्या नावाचे गहू दळले जात होते, आणि त्याच्या जिवावर दोन बायकांच्या घरात देवी बसत होती.

मग यंदा उन्हाळ्यात ‘ध्रुवपार’चा शेवटचा सिनेमा आला.

सवितानं टपरी बंद ठेवली. सारसच्या खलाशांचा पोशाख निळा असतो म्हणून निळं लुगडं नेसली. सोबत शेजारची उषा होती. तिला सिनेमापेक्षा जळगावची भेळ हवी होती. दोघी एसटीनं जळगावला गेल्या. सिनेमात कप्तान ईशान म्हातारा झाला होता. दाढी पांढरी, आवाज तोच. सविता पुढे झुकून बसली. तो दारात उभा राहिला तेव्हा तिनं उषाचा हात धरला.

सिनेमाच्या शेवटाला एका तरुण मुलीला जुन्या जहाजात एक यंत्र सापडतं. ते लावलं की नावांना ओ ऐकू येते. कप्तान नाव घेतो, यंत्र ओ देतं. ती मुलगी समजून जाते. पहिल्याच प्रवासात कप्तानानं निम्मी माणसं बाहेर ठेवून दार लावलं होतं. शत्रूला विकली होती, खाणींमध्ये राबायला. तो सुरुवातीपासून शत्रूचाच माणूस होता. दर आठवड्याला आग पडत असताना त्यानं जी नावं घेतली, त्यांतली अर्धी माणसं केव्हाच विकलेली होती, आणि ज्यांना आणायला तो बाहेर जायचा त्यांना तो खरं तर पोचवायला जायचा. मुलगी विचारते, गिनती? कप्तान हसून म्हणतो, “गिनती कभी हुई ही नहीं.”

थेटरातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना ते फार आवडलं.

बाहेर आल्यावर उषा भेळेच्या गाडीजवळ थांबली. सविता तशीच पुढे चालत गेली. उषा पळत आली. तिला काहीतरी बोलायचं होतं, आणि तिला बोलण्याची एकच पद्धत येते. म्हणाली, “चाल वं, तुना भाऊ ते तुना नवरापेक्षा बी बेकार निंघना.”

सविता थांबली. म्हणाली, “नवरानी कधी म्हटलंच नव्हतं की मी थांबसू.”

चोपड्यापर्यंत एसटीच्या खिडकीचा पत्रा वाजत राहिला.

काही दिवसांनी उषानं फोनवर एक मुलाखत लावली. सिनेमा काढणारा माणूस बोलत होता. आम्हाला प्रेक्षकांना धक्का द्यायचा होता, तो म्हणाला, इतकी वर्षं त्यांना सगळं माहीत आहे असं वाटत होतं. त्याच्या मागे भिंतीवर सारसचं मोठं चित्र होतं. सविता केळी सोलत ऐकत होती.

“धक्का देवाले याले मनंच घर सापडनं का?” ती म्हणाली.

“त्याले काय माहीत तुनं घर,” उषा म्हणाली.

“तेच.”

त्या संध्याकाळी तिनं तारेची घासणी घेतली आणि टपरीवरचं जहाज खरवडायला लागली. जुना ऑइलपेंट. मान गेली नाही, पोट गेलं नाही, फक्त चकाकी गेली. हाताला फोड आले तेव्हा थांबली. जहाज आता धुक्यात उभं असल्यासारखं दिसतं.

पुढे श्रावण आला. नागपंचमी झाली. शनिवारी ओसरी सारवली, गहू निवडले, भाऊबंद जमले. अभिमन आला. यंदा हसला नाही. गावातल्या पोरांनी त्याला सिनेमाची गोष्ट सांगितली होती. त्यानं खाटेवर बसलेल्या लिलाबाईच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, “मोठी माय, वाईट वाटू देऊ नका. पण यंदा ते नाव घेता येणार नही.”

“काबर?”

“गद्दार निंघना तो. माणसं विकनात त्यानी. कानबाईना रोटमां गद्दारनी मूठ? बठ्ठा गाव हासी.”

ओसरीवर हूं हूं झालं. लिलाबाईनं सविताकडे पाहिलं. तिला वाटलं पोरगी भांडेल. सविता खाली बघत होती.

“तुले बी हाई मान्य शे का?” लिलाबाईनं विचारलं.

“मी त्याले मूठ देवाव नही, माय,” सविता म्हणाली. “मी ठरवं शे. तो आपला नही. कधीच नही व्हता.”

अभिमननं सुटकेचा श्वास टाकला. त्याच्यामागे त्याच्या घरची दोन पोरं होती, चौरंग उचलायला आणलेली. एकानं चौरंगाला हातही लावला.

“थांब,” लिलाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला आहे पण पुसट नाही. “अभिमन, तुना आजा दारू पीसन घरना पितळ विकी उना. मनी सासूनं मंगळसूत्र विकं. त्यानी मूठ बंद कयी का कोनी?”

अभिमन चौरंगाकडे बघू लागला, तेव्हा लिलाबाईच पुढे म्हणाली,

“मरस तवलगुन पडनी. सव्वा. घरना माणूस वाया गया म्हनीसन त्यानी मूठ काढता येत नही. काढानी ते मेलावर. हाऊ मरना का?”

“सिनेमामां ते मरत नही,” मागून एक पोरगा म्हणाला. “जहाज लिसन पळी जास.”

“मग जित्ता शे,” लिलाबाई म्हणाली. “आनि मरना म्हनशीन ते सूतक लागी. मंग कानबाई यंदा ना तुनाकडे ना मनाकडे. सांग, काय करसूत?”

अभिमननं भाऊबंदांकडे पाहिलं. एक-दोघांनी माना हलवल्या. रीत तशीच होती. त्यांच्या बापजाद्यांत उडाणटप्पू झाले, पळून गेलेले झाले, एक तर तुरुंगात होता, आणि तरी श्रावणात त्यांचं नाव घेतलं गेलं होतं. आता हरकत घ्यायची तर ओसरीवरच्या अर्ध्या लोकांच्या घरातलं काहीतरी उघडं पडलं असतं.

सविता उठून आईजवळ गेली. तिनं हलक्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला, पण ओसरीवर सगळ्यांनी ऐकलं. “माय, तुले समजत नही का? नाना घाटमां पडेल व्हता तव्हय मी त्या टीव्हीपुढे बसेल व्हती. मी म्हनत व्हती हाऊ जर तठे ऱ्हाता ते मना बापले लई येता. इतला वरीस मी तेच म्हनत उनी. आनि तो बठ्ठासले विकत व्हता.”

लिलाबाईनं तिचा हात आपल्या वाकड्या बोटांत घेतला. “मी त्यानी मूठ त्यानासाठे कव्हय टाकी?” ती म्हणाली. “तुनासाठे टाकी. हाई घर तुनं ऱ्हावो म्हनीसन. तो कसा बी निंघो.”

हे सविताला नवं होतं असं नाही. तरी ते ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बंद झालं. आईनंही मग त्याला कधी घरचा मानलं नव्हतं. एकटी तीच मानत होती.

ती सुपापाशी बसली. नावं सुरू झाली. थोरल्यापासून पाळण्यातल्या नातवापर्यंत. आई नाव घेई, सविता मूठ टाकी, वर पाव. सुरतेचा, नाशिकचा, पुण्याच्या कंपनीतला, सगळ्यांची झाली. अभिमनची झाली, सव्वा, काठोकाठ. मग आई थांबली, तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, “ईशान.”

सवितानं मूठ भरली. घट्ट, इतकी की बोटांची पेरं पांढरी झाली. सुपावर नेली आणि उघडली. गहू पडले. मग तिनं हात झटकला आणि पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

“अक्का,” अभिमन म्हणाला, “पाव ऱ्हायनी.”

“ऱ्हायनी,” सविता म्हणाली.

“सव्वा पाहिजे. नुसती मूठ कोन टाकस? अशुभ ऱ्हास.”

“तुमना बापनी आनि मनी मायनी बोली काय व्हती? मूठ पडस तवलगुन कानबाई आठे. पडनी मूठ. बठ्ठासनी पाही.” तिनं पोत्याला गाठ मारली. “वरली पाव आपला माणूसले देतस. त्याले मी आपला म्हनाव नही.”

अभिमननं लिलाबाईकडे पाहिलं. लिलाबाईनं डोळे मिटले होते. चौरंगाला हात लावून उभा असलेला पोरगा मागे सरकला. अभिमननं स्वतःच दळणाचं डबडं उचललं आणि गिरणीच्या वाटेला लागला. म्हणाला, “दळण लौकर नही गयं ते गर्दी व्हई जाई.”

रविवारी कानबाई त्याच ओसरीवर बसली. केळीचे खांब, नथ, चांदीचे डोळे, सगळं होतं तसं. बायांनी गाणी म्हटली, फुगड्या झाल्या. सोमवारी चौरंग उचलला, तापीला पाणी चांगलं होतं. नारळ पाण्यात सोडताना सविता सगळ्यांत पुढे होती. घाटावर उषानं तिला कुंकू लावलं, तेव्हा ती हसलीसुद्धा.

रोट जेवायला भाऊबंद बसले. ज्याच्या त्याच्या पानात ज्याच्या त्याच्या मुठीच्या मापानं केलेला रोट. गंगाफळाची भाजी, खीर, कटाची आमटी. जे गावाला नव्हते त्यांचे वाटे त्यांच्या घरच्यांनी घेतले. सविताच्या पुढ्यात एक वाटा आला. इतरांपेक्षा किंचित लहान होता, बघणाऱ्याला कळला नसता. तिला कळला.

रोट टाकता येत नाही. बाहेरच्याला देता येत नाही, गाईला घालता येत नाही. अंगणात उषा उभी होती, ती बाहेरची, तिच्याकडे पाहून उपयोग नव्हता. सवितानं पहिला तुकडा मोडला. दरसाल ती हा रोट सगळ्यांत शेवटी, सावकाश, खीर संपल्यावर खायची. यंदा तिनं तो आधी संपवायला घेतला. कोरडा खाल्ला, वर खीर घेतली नाही. मधेच थांबून पाणी प्याली. पलीकडून अभिमन म्हणाला, “अक्का, भाजी तरी घ्या,” तिनं मान हलवली.

शेवटचा तुकडा तोंडात टाकून तिनं पान पुसून पाहिलं. एक कण कडेला राहिला होता. तोही तिनं बोटानं टिपला आणि गिळला.